यादीत नसलेली शाखा

तुम्ही खोटं बोललात, साहेब. चार वर्षं फळ्यासमोर उभं राहून बोललात, गुळगुळीत कागदावर रंगीत छापून बोललात, आणि आता तेच खोटं माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय तुम्हाला.

तापीच्या पुलावरून आबांच्या मोटरसायकलवर मागे बसून सारंगखेड्याला जाताना भूमिका ही वाक्यं मनात घोटत होती. साहेब म्हणजे तिच्या खासगी विद्यापीठाचे संचालक. विद्यापीठाचं नाव घेण्यात अर्थ नाही. कुणा पुढाऱ्याच्या पडीक जमिनीवर चार मजले चढवले, दारात सुरक्षारक्षक बसवला आणि 'जागतिक दर्जा' अशी पाटी ठोकली की झालं विद्यापीठ. तिथून भूमिका ऊर्जा प्रणाली अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडली होती, आणि दीड वर्ष घरीच होती.

माहितीपत्रकात या पदवीनंतरच्या नोकऱ्यांचं अख्खं पान होतं. ऊर्जा लेखापरीक्षक, भार नियोजन केंद्रात अधिकारी, बॅटरी साठवणुकीतला तज्ज्ञ, परदेशात संशोधन. पानावरची मुलगी पांढरं हेल्मेट घालून पवनचक्कीकडे बघत हसत होती. तिचे बूट इतके स्वच्छ होते की ती पवनचक्कीच्या पायथ्यापर्यंत कधी गेली नसणार, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण आबांना कळलं नाही.

आबा, म्हणजे तिचे वडील बन्सीलाल, केळी-कापसाची बागायत असलेला माणूस. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायचा तर हा माणूस दोन दिवस फिरतो. जबडा उघडून दात बघतो, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्या मोजतो, वाईट जागी भोवरी दिसली तर फुकट दिला तरी घेत नाही. स्वाराला हिसका न बसणारी रेवाल चाल दाखवायला लावतो आणि मालकाच्या सात पिढ्या विचारतो. आणि पोरीच्या चार वर्षांचा सौदा त्यानं थंडगार केबिनमध्ये पाऊण तासात उरकला. समोरच्याच्या गळ्यात टाय होता. टायवाल्याला तोंड उघडून दाखव म्हणायची आपल्याकडे रीत नाही, बस.

विषयात मात्र खोट नव्हती. उलट तोच एक खरा होता. प्रयोगशाळेत एकच सौर पॅनल, तेही तारा कापलेलं. शिकवायला येणाऱ्या सरांचं सगळं लक्ष घड्याळाकडे. भूमिका पुस्तकांतून आणि गावच्या डीपीखाली, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखाली, उभी राहून शिकली. गावात दर उन्हाळ्यात डीपी जळायची. लोक वायरमनला शिव्या घालायचे, वायरमन नशिबाला. तिनं महिनाभर विजेचा भार मोजला आणि सांगितलं की प्रत्येकानं पंपाला ऑटोस्विच लावलाय, लाइट आली की साठ मोटरी एका दमात चालू होतात, डीपी त्या धक्क्यानं मरते. मग घरोघरी जाऊन तिनं पंपांना टायमर बसवून घेतले, चार-चार मोटरी थोड्या थोड्या अंतरानं सुरू होतील असे. हसले लोक. त्या उन्हाळ्यात डीपी जळली नाही, तेव्हा हसणं थांबलं. विद्यापीठानं या कामाला प्रकल्प म्हणून बावन्न टक्के दिले, कारण अहवालाला सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग नव्हतं.

मग वीज कंपनीची भरती निघाली. सहायक अभियंता. भूमिकानं अर्ज उघडला, शाखेच्या रकान्यावर बोट ठेवलं, यादी खाली सरकली. विद्युत होती, यंत्र होती, इलेक्ट्रॉनिक्स होती. ऊर्जा प्रणाली नव्हती. 'इतर'सुद्धा नव्हतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की वेगळ्या नावाची पदवी असेल, तर ती विद्युत शाखेशी समकक्ष असल्याचं विद्यापीठाचं पत्र जोडावं. म्हणजे वीज कशी बनते, कशी वाहते, कुठे वाया जाते हे चार वर्षं शिकलेल्या पोरीला वीज कंपनीत शिरायला चिठ्ठी हवी.

ती चिठ्ठी आणायला तिनं तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला संचालकांनी ड्रॉवरमधून पत्र काढून दाखवलं. सही होती, गोल शिक्का होता. परत आत ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाले की रविवारी यात्रेत आपला स्टॉल आहे, तिकडच्याच मुली लोकांसमोर आल्या तर पालकांना धीर येतो, तू दोन शब्द बोल, पत्र तिथंच देतो. अर्जाची शेवटची तारीख सोमवार होती. त्यांनाही ती माहीत होती.

यात्रेत धूळ, लीद आणि भोंगे. घोड्यांच्या रांगा संपल्या की खेळण्यांची दुकानं, आणि त्यांच्या शेजारी विद्यापीठाचा मांडव. मांडवावर पुरुषभर उंचीचा फ्लेक्स. त्यावर भूमिकाचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत, 'ऊर्जा सल्लागार, बहुराष्ट्रीय कंपनी'. तिची नोकरी म्हणावी तर एवढीच, की शिकत असताना सुरतेच्या एका सोलरवाल्याकडे सहा आठवडे तिनं घरांची छपरं मोजली होती, बिनपगारी. शेजारच्या फोटोत तिचा वर्गमित्र हेमकांत, नवापूरचा. तो 'कार्यक्षमता अभियंता' होता. कार्यक्षमता म्हणजे राज्याच्या सीमेपलीकडच्या सौर प्रकल्पात पॅनल धुणाऱ्या बायांची हजेरी घेणं. फोनवर त्यानंच सांगितलं होतं, हसत सांगितलं होतं.

आबांनी मान वर करून फ्लेक्स वाचला. एकदा, मग पुन्हा.

"भूमी, हाई काय लिखेल शे? तू कधी गयी व्हती कंपनीमां?"

"नाही, आबा."

आबा टोपी काढून हातात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "बोली दे, बेटा. दोन शब्दनी बात शे. कागद हातमां येऊ दे."

तिला राग आला नाही. दीड वर्ष हा माणूस पारावर बसायचं टाळत होता. लोक विचारायचे, बन्सीभाऊ, पोरगी कुठे लागली? आणि हा घाईत असल्यासारखा निघून जायचा. तिनं मान डोलावली. बोलायचं, पत्र घ्यायचं, घरी जायचं. एवढंच ठरलं.

संचालकांनी माईकवरून तिची ओळख करून दिली. सातपुड्याच्या पायथ्याची कन्या, जागतिक ऊर्जाक्रांतीची शिलेदार, वगैरे वगैरे. त्यांच्या काखेत निळी फाइल होती आणि फाइलमधून पत्राचा कोपरा बाहेर डोकावत होता. मुद्दाम ठेवला असावा. भूमिका माईकपाशी गेली. समोर पन्नासेक माणसं. पुढच्याच रांगेत तोरणमाळकडचा एक पावरा आदिवासी शेतकरी उभा होता, करणसिंग, आणि त्याला चिकटून त्याची मुलगी. मुलीच्या हातात ते माहितीपत्रक होतं, पवनचक्कीच्या पानावर दुमडलेलं. भूमिका काही बोलायच्या आतच करणसिंगनं शाळेतलं मराठी जुळवत विचारलं.

"बाई, तू सांग. ही रुपा, बारावीला आहे. हिला इथं टाकायचं मनात आहे. तू कुठे कामाला आहेस?"

साधा प्रश्न. संचालकांनी फ्लेक्सकडे हात केला, तिनं वाचून दाखवावं म्हणून.

"मी कुठेच कामाला नाही, काका," भूमिका म्हणाली. "हा फोटो माझा आहे. खालची ओळ यांची आहे."

संचालक पुढे आले, माईक आपल्याकडे ओढला आणि दात दाखवत म्हणाले की भूमिका सध्या मोठ्या संधीची तयारी करतेय. मग माईकवर तळवा ठेवून, तिला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पत्राचं आता कार्यालयात बघू. पुढच्या आठवड्यात ये." आणि पत्राचा कोपरा बोटानं आत ढकलला.

पुढचा आठवडा. उद्याची तारीख गेली, म्हणजे संपलं. तिनं आबांकडे बघितलं. आबा मांडवाच्या खांबाशी होते. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, गर्दीतून वाट काढली आणि करणसिंगच्या शेजारी येऊन उभे राहिले. तिला गप्प बस म्हणाले नाहीत.

भूमिकानं माईक मागितला नाही. तिचा आवाज डीपीखाली उभ्या राहिलेल्या साठ शेतकऱ्यांना पुरायचा, इथं पन्नास होते.

"रुपा, विषय चांगला आहे. शीक. कुठे शिकायचं ते मात्र नीट बघ," ती म्हणाली. मग वळली.

"साहेब, उद्या शेवटची तारीख आहे. तुम्ही शिकवली ती शाखा विद्युतच्या बरोबरीची आहे की नाही? असेल, तर ते पत्र मी खोटं बोलल्यावरच का मिळणार होतं? नसेल, तर या काकांची पोर कशासाठी घेताय? माईक तुमच्याच हातात आहे. या सगळ्यांसमोर सांगा. आहे की नाही?"