आंबटपणा मारायला चुना

दवाखान्याच्या व्हरांड्यात पंचवीस माणसांसमोर मी माझ्या बापाची अक्कल काढली. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

माझी आई रुखमाबाई आमच्या गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. शाळेच्या ओट्यावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. यवतमाळला नेऊन प्लास्टर घातलं. मी घाटंजीला नववी-दहावीला विज्ञान शिकवते आणि तिथंच राहते; रविवारी घरी गेल्यावर बाबांनी विचारलं, "प्रियंका, हाड आतून जुळते कसं?"

झालं! कोणी विज्ञानाचं विचारलं की मला चेव येतो.

"तुटल्या जागी रक्त साकळते," मी म्हणाले. "तिथं नवं रक्त पोचत नाही, म्हणून ती जागा पहिले काही दिवस आंबट राह्यते. मंग बारीक बारीक नवीन नसा येतात, आंबटपणा उतरते अन् जागा आंबटाच्या उलट्या बाजूले झुकते. तवाच कॅल्शियम बसते, हाड पक्कं होते."

"आंबटाच्या उलटं म्हंजे काय?"

"तुमच्या तंबाखूच्या खर्ऱ्यातला चुना," मी म्हणाले. उदाहरण किती झकास सुचलं म्हणून स्वतःवरच खूश झाले. आईही माझ्याकडे कौतुकानं पाहत होती.

पुढच्या रविवारी गेले तर आईची बोटं सुजलेली, प्लास्टर मऊ पडलेलं आणि त्याला घाण वास. तशीच तिला एसटीत घातली आणि यवतमाळ गाठलं. डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोललेली होती, लालभडक.

"आत काय ओतलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"चुन्याचं पाणी," बाबा शांतपणे म्हणाले. "रोज सकाळी एक कप. आंबटपणा मारायले."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पाण्यानं प्लास्टर भिजून हाड सरकलं होतं. कातडी भरून येईपर्यंत ना पक्कं प्लास्टर घालता येणार होतं, ना ऑपरेशन करता येणार होतं. तोवर हाड वाकडंच जुळलं, तर त्या हातानं मोठं पातेलं कधीच उचलता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात येताच माझा तोल गेला.

"आंबटपणा शरीरच आणते अन् शरीरच काढते!" मी ओरडले. "मेलेलं हाड साफ करायले तो लागते! वेळ झाली का आपोआप उतरते. तुम्हाले कोणी मधात पडायले सांगतलं होतं? जिवंत माणसाच्या हातावर चुना ओतता? भिंत हाय का ते?"

"मले वाटलं, लवकर होईन," बाबा पुटपुटले. खाली मान घालून उभे होते. त्यांची दया यायला हवी होती, पण मला नाही आली. मी आणखी दहा मिनिटं बोलले. एका बाईनं तर आपलं पोर उचललं आणि लांब जाऊन बसली.

मग मी आईकडे वळले. तिचाही राग आलाच होता. "अन् तू? आठ दिवस हात जळत होता ना? एक फोन काहून नाही केला? कायले सहन करत बसली?"

आई बाकावर बसली होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर धरून.

"जळे तवा मले बरंच वाटे," ती म्हणाली. "म्हणलं, पोरीनं सांगतलं तसं आंबट निघून राह्यलं."

बाबांना ऐकवायला माझ्याकडे अजून पुष्कळ होतं. ते तसंच राहिलं. मी तिच्या शेजारी बसले आणि हमसून हमसून रडले. आई डाव्या हातानं माझी पाठ थोपटू लागली, तेव्हा तर मला स्वतःचा असा संताप आला की तिचा हात झटकून मी पायऱ्या उतरून निघून गेले.