तीन पॉइंट दोन

"तीन पॉइंट दोन," नाथाजी म्हणाला आणि त्यानं टीव्ही बंद केला.

डेअरीच्या खोलीतली पन्नास-साठ माणसं त्याच्याकडे बघायला लागली. चेअरमन लालासाहेब खुर्चीत होते, बाकीचे पेंडीच्या पोत्यांवर.

"धापैकी?" लालासाहेबांनी विचारलं.

"धापैकीच. येकाच बोळातनं तीनदा पळाली माणसं. मागल्या शनिवारचा दगड परत रंगवून आणलाय. पाणी हाय ह्यात."

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. औंधच्या खालच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात टीव्ही एकच, डेअरीचा. पुण्याकडून निघालेलं चित्र आमच्यापर्यंत येईतो दमलेलं असायचं. पडद्यावर मुंग्या, मुंग्यांत माणसं. पण शनिवारी संध्याकाळी लागणारी ती परदेशी मालिका अवकाशातली असल्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. अवकाश असंच असतं, अशी गावाची समजूत झाली होती. एक यान, त्यात सात-आठ माणसं, दर आठवड्याला नवा ग्रह. बोलणं इंग्रजीतलं. पलटणीतून हवालदार होऊन परतलेले सयाजीराव ते आम्हाला मराठीत सांगायचे. त्यांच्या सांगण्यात यानातली माणसं फार वेळा रजेचा अर्ज करायची.

टीव्ही केंद्रानं छापील कार्डं पाठवली होती. प्रत्येक भागाला दहापैकी गुण द्या, कारण लिहा. गुण कुणी द्यायचे यावर चर्चाच झाली नाही. आकडा सांगून शिव्या खायची सवय गावात एकालाच होती. नाथाजी अकरा वर्षं डेअरीत दुधाचं फॅट काढत होता. काचेच्या नळीत दूध, त्यात ॲसिड, मग नळी यंत्रात घालून गरगर फिरवायची. रेघ जिथं थांबेल तो आकडा, आणि आकड्यावर दुधाचा भाव. एकदा त्यानं खुद्द बायकोचं, मनुबाईचं, दूध परत पाठवलं. मनुबाईनं ती चरवी त्याच्याच अंगावर ओतली. नाथाजीनं सदरा पिळला, बोटं चोळून बघितली आणि म्हणाला, "पाणीच हाय."

मालिकेलाही तो दशांशातच मोजायचा. चार पॉइंट सात. पाच पॉइंट एक. भाग संपला की तिथंच टेबलाशी बसून, जीभ दातांत धरून तो कार्ड भरायचा. खाली सही लालासाहेबांची, कारण टीव्हीचं लायसन चेअरमनच्या नावावर. कार्ड भरताना नाथाजीचा चेहरा जसा सैल पडायचा, तसा आठवड्यातून दुसऱ्या कुठल्याच वेळी पडत नसे.

त्याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण ते बोलायची पद्धत नव्हती. रोज सकाळी लालासाहेबांच्या वस्तीवरून कॅन यायचा. नाथाजी त्याच्यापुढे सहा पॉइंट पाच लिहायचा. पहिल्या वर्षी तो निदान झाकण तरी काढायचा.

त्यामुळे शनिवारचा आकडा, तेवढाच त्याचा होता.

तीन पॉइंट दोनच्या दिवशी लालासाहेबांनी सगळ्यांना जाऊ दिलं आणि नाथाजीला थांबवून घेतलं. मी कोपऱ्यात वह्या आवरत होतो. डेअरीच्या कारकुनासमोर काय बोलू नये, असा काही नियम नव्हता. केंद्राचं पत्र आलं होतं. मालिका संपताना निवडक गावांची नावं टीव्हीवर वाचून दाखवणार होते. लालासाहेबांचं म्हणणं, तीन पॉइंट दोन देणाऱ्या गावाचं नाव कोण घेईल? आजचं कार्ड सही होऊन पेटीत पडलंय, ते गेलं तर गेलं.

"ऱ्हायलेल्या तीन भागांना धा-धा लिव."

"आजून लागलं न्हाईत ते."

"म्हणून तर आत्ताच लिव. बघितल्यावर तुला अवघड जातंय."

"फॅट बघितल्याबिगर कसं लिवायचं, साहेब?"

लालासाहेबांनी आवाज चढवला नाही. पानाला चुना लावता लावता ते म्हणाले, "नाथा, आकरा वर्षं माझ्या कॅनात नळी न घालता सा पॉइंट पाच लिवतोयस. मी कवा इचारलं का, कसं काय म्हणून?"

नाथाजीनं तीन कोरी कार्डं पुढ्यात ओढली. दहा. दहा. दहा. कारणाच्या रकान्याशी तो अडला. लालासाहेबांनी सांगितलं, "शुद्ध." मग तीनदा सही, तीनदा शिक्का. सोमवारी मीच ती पोस्टात टाकली.

पुढचे दोन शनिवार नाथाजी आला, पण दाराजवळ बसला. भाग संपला की माणसं मागं वळून विचारायची, किती? तो सांगायचा, कार्ड गेलंय.

शेवटच्या शनिवारी हवेत काय झालं कुणास ठाऊक, मुंग्या निघून गेल्या. चित्र स्वच्छ आलं. गाव जरा नाराजच झालं. यानाचं दार पत्र्याचं आहे, हे पहिल्यांदाच कळलं. पण हळूहळू माणसं पोत्यांवरून पुढं सरकली. यानात बिघाड झाला होता. खाली ग्रहावर एक म्हातारा मेकॅनिक यंत्राच्या, धोक्याच्या रेघेपलीकडं गेलेल्या काट्याकडे बघत बसला होता. त्याला वर घ्यायला थांबलं तर यान फुटणार होतं. वरून कॅप्टन त्याला काहीतरी विनवत होता.

"सायेब म्हणतोय, काटा खाली आलाय म्हणून सांग, आमी थांबतो," सयाजीराव म्हणाले. "ह्यो म्हणतोय, काटा जितं हाय तितंच हाय."

सयाजीरावांनी हे ऐकलं की बनवलं, ते तपासणारं खोलीत कुणी नव्हतं. यान निघून गेलं. म्हातारा काटा बघत राहिला. मी मागं वळून पाहिलं, तर नाथाजी उठून उभा होता.

मग निवेदिका आली आणि मराठीत पत्रं वाचू लागली. सगळीकडून कौतुकाची कार्डं आली, पण एका प्रेक्षकानं मात्र मनापासून, अगदी प्रामाणिक मत दिलं, असं म्हणून तिनं हसत वाचलं: तीन पॉइंट दोन, पाणी आहे. एवढा चोखंदळ प्रेक्षक खेड्यात आहे, याचा केंद्राला आनंद वाटतो. मग आमच्या गावाचं नाव आणि सहीवरचं नाव. चेअरमन लालासाहेब.

टाळ्या पडल्या. लालासाहेब उठले, त्यांनी चारी बाजूंना हात जोडले. "जे हाय ते हाय," ते म्हणाले. "आपल्याला खोटं जमत न्हाई."

नाथाजीनंही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्यावर त्याच्या थांबल्या.

पुढचं मनुबाईनंच गल्लीत सांगितलं, हसण्यासारखं म्हणून. तो घरी आला, ती भाकरी थापत होती. तो चुलीपुढं बसला. मग म्हणाला, "आजचं नऊ पॉइंट एक."

"आवं, येवढं फॅट कुटल्या म्हशीला असतंय?"

तो म्हणाला, हाय एक.

सकाळी वस्तीवरचा कॅन आला. नाथाजीनं नळी धुतली, फडक्यानं पुसली, खिडकीतल्या उजेडात धरून बघितली. मग ती कोरडीच खोक्यात ठेवून त्यानं वही उघडली आणि लिहिलं, सहा पॉइंट पाच.