फोटोत मिटणारी पापणी

मी पापणी बोलतेय! उजव्या डोळ्याची, वरची. एरवी मला बोलायला सवड कुठली? उघड, मीट, उघड, मीट, यातच जन्म जायचा. पण मध्यंतरी मी अशी काही अडकले, की सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझी मालकीण शिवणकाम करते. कापडाचा बारीक धागा उडाला, की मी झटकन खाली येते. माझी खोड एकच. फोटो काढताना मी हमखास मिटते, आणि माझ्या पाठोपाठ डावी पापणीही. घरातल्या एकूण एक फोटोत मालकीण झोपलेली! लग्नाच्यासुद्धा. तिची ताई म्हणते, "तुझ्या नवऱ्याने तुला झोपेतच उचलून आणलं!"

यंदा काय झालं कोण जाणे, मला कुणीतरी वर ओढू लागलं. खाली यायला निघावं, तर अर्ध्यातच अडायचं. बुबुळाच्या वरचा पांढरा भाग उघडा पडला. डोळे चुरचुरायचे, पाणी गळायचं, एका सुईच्या दोन दिसायच्या. शिवाय मालकिणीची छाती धडधडायची, हात कापायचे, आणि भरपूर जेवूनही कपडे सैल व्हायचे. "उन्हाचं होतं असं," म्हणून ती मोकळी!

गिऱ्हाइकांची मात्र पाचावर धारण बसली. ती साधं मापाकडे बघायची आणि समोरची बाई म्हणायची, "डोळे नका वटारू हो, उद्या आणखी कापड आणते!" दुपारी ती झोपली, तरी मी अर्धी उघडीच. नवरा शेजारी बसून गप्पा मारायचा. म्हणायचा, "आज कशी शहाण्यासारखी ऐकून घेतेस!"

अशात ताईकडे सगळे जमले. फोटो निघाला. मालकिणीचे डोळे टक्क उघडे! नवऱ्याने टाळ्या पिटल्या, घरभर एकच जल्लोष. मी ओरडत होते, "अहो, मला मिटताच येत नाहीये!" पण पापणीचं ऐकतो कोण?

एकटी ताई हसली नाही. "हिचे डोळे फोटोत उघडे? शक्यच नाही. चप्पल घाल. डॉक्टरकडे चल."

डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्त तपासलं. "थायरॉईडची ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करतेय. डोळे त्यानेच असे झालेत. ते नीट मिटले नाहीत तर बुबुळाला जखम होते, नजरही जाऊ शकते. बरं झालं, आताच आलात."

"नजर गेली तर मी शिवू कशी?" मालकीण रडायलाच लागली. ताईने तिचा हात सोडला नाही. माझी तर घाबरगुंडी उडाली होती.

मग काय, गोळ्या, थेंब, काळा चष्मा, आणि झोपताना मला हलकीशी चिकटपट्टी. केवढे लाड! हळूहळू ती ओढ सैल पडली. डोळे अजून जरा मोठे दिसतात, पण मी आता पूर्ण खाली येते. खरंच सांगते, मिटण्यासारखं सुख नाही. तुमच्या घरात कुणाची पापणी अशी अडली असेल, तर तिचं ऐका हो.

परवा पुन्हा सगळे जमले. "हसा!" म्हणून नवऱ्याने मोबाइल धरला आणि मी, सवयीची गुलाम, मिटले! ताईने फोटो पाहिला. "मिटले! हिचे डोळे मिटले!" असं ओरडत तिने मालकिणीला मिठी मारली आणि दोघी हसता हसता रडल्या.

तो फोटो आता शिलाई मशीनच्या वर लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, "अहो, यापेक्षा चांगला नव्हता का?"

मालकीण दोरा ओवत म्हणते, "नाही. यापेक्षा चांगला आमच्या घरात निघालाच नाही."