वरचं कुंड

सून आपणहून म्हणाली, "बाबा, रविवारी सगळे गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊ," तेव्हाच मी ओळखलं, कुठंतरी पाणी मुरतंय. ती नर्स. एरवी रविवारी तिची ड्युटी काही सुटत नाही. आणि पोरगा? सुट्टी मागायची म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. त्यानंही मुकाट्यानं सुट्टी घेतली.

मी शाळेची व्हॅन चालवतो. एका खेपेला चौदा पोरं. महिनाभर दोघांचं एकच पालुपद, "बाबा, आता आराम करा." आराम कसला डोंबलाचा! व्हॅन गेली की माझ्याकडे उरतं काय? खुर्ची आणि टीव्ही. म्हटलं, चला, बघू तरी काय डाव आहे.

व्हॅन मीच नेली. सून शेजारी बसली. अख्ख्या वाटेत तिची नजर रस्त्यावर नव्हतीच, माझ्या पायांवर होती. चहाला उतरलो तर नात ओरडली, "आजोबा, तुमची एक चप्पल गाडीतच राहिली!" बघतो तर खरंच, एक पाय अनवाणी.

"हल्लीच्या चपलाच मेल्या सैल," मी म्हटलं. नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. मला काय डोळे नाहीत?

झऱ्यावर तीन कुंडं होती. खालच्या दोन्हींत पोरंबाळं डुंबत होती. वरच्यात, जिथं पाणी जमिनीतून येतं, तिथं कुणीच नव्हतं. पोरगा आणि नात खाली पाण्यात उतरली. सून मला म्हणाली, "बाबा, पाय सोडायच्या आधी हात घालून बघा हं."

हात घालून बघा! मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझं डोकंच फिरलं. तडक वर गेलो, विजार दुमडली आणि घोट्यापर्यंत पाय सोडून ऐटीत बसलो.

"बघा रे! म्हाताऱ्याला आराम पाहिजे म्हणे! कोमट तर आहे!"

नात धावत वर आली, वाकून पाण्यात बोट घातलं आणि किंचाळली. सुनेनं धावत येऊन मला दंडाला धरून मागं ओढलं. पाय लालबुंद झाले होते. तिनं भराभरा गार पाणी ओतलं, मग माझा पाय मांडीवर घेतला.

"दाबते हं. कळलं की सांगा."

"दाब की मग."

तिनं मान वर केली, डोळे भरलेले. "बाबा, कधीची दाबतेय."

मी वाकून पाहिलं. तिचं नख माझ्या अंगठ्यात रुतलं होतं.

"मला संशय होताच," ती म्हणाली. "दवाखान्यात चला म्हटलं असतं तर आला असता का? वाटलं, इथं निवांत पाय बघता येतील. तुम्ही वर जाल असं वाटलं नव्हतं हो."

"मला काही झालेलं नाही," मी खेकसलो. तसाच जाऊन व्हॅनमध्ये माझ्या जागेवर बसलो. नात मागं येऊन बसली, मान पुढं काढून.

"आजोबा, ब्रेकवर पाय ठेवलेला तुम्हाला कळतो?"

"कळतो की! हा काय ठेवलाय."

तिनं खाली पाहिलं. मग मीही पाहिलं. पाय ब्रेकच्या शेजारी, नुसत्या मॅटवर होता.

किल्ली काढून मी मागोमाग दाराशी आलेल्या पोराच्या हातात दिली.

"तू चालव," म्हटलं. "आणि घरी पोचायच्या आत दुसरा ड्रायव्हर शोध. उद्या सकाळी चौदा पोरं उभी असतील."