मिस्त्रींच्या सुया थांबल्या तेव्हा

मी एक जुना रंधा आहे. अंग लाकडाचं, पोटात पोलादी पातं आणि ते घट्ट धरणारी पाचर, एवढाच माझा संसार. माझे मालक, सुतार मिस्त्री, शिकाऊ असतानाच त्यांनी मला घडवलं. पुढे किती दारं, किती टेबलं, किती पाळणे! गिऱ्हाईक फळीवरून हात फिरवून खूश व्हायचं, तेव्हा मिस्त्री माझ्याकडे बोट दाखवायचे. माझी छाती फुगायची.

मित्रांनो, मग मिस्त्रींना प्रोस्टेटचा कर्करोग झाला. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या ओटीपोटातली एक छोटीशी ग्रंथी. किरणांचे उपचार झाले आणि सोबत सुया सुरू झाल्या. शरीरातल्या पुरुषी संप्रेरकावर हा रोग पोसतो, म्हणून सुयांनी त्याचं खाणंच तोडायचं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. रोगाची उपासमार झाली खरी, पण मिस्त्रींच्या दंडातला जोरही गेला. ऐन थंडीत ते घामाने डबडबायचे. एकदा फळी तिरकी कापली गेली, तर चक्क रडले. त्याच दिवशी मी पेटीत गेलो. माझ्या पात्यावर गंज चढला.

दोन वर्षांनी सुया थांबल्या. आता घरात हसू ऐकू येईल, म्हणून मी पेटीतूनच कान टवकारले.

"राखणदार काढून घेतला," मिस्त्री त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणत होते. "चोर मेला की दडून बसलाय, कोण सांगणार?"

"रक्ताची तपासणी सांगेल," त्या म्हणाल्या. "तोवर तुम्ही घरात आहात, तुरुंगात नाही."

सुई थांबली तरी तिचा असर जायला महिने लागतात, आणि सगळं पूर्वीसारखं होईलच असं नाही, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मला मोठं कुतूहल. आधी काय परत येईल, जोर की हसू? आधी आली दाढी! एक दिवसाआड करायची ती रोज करावी लागू लागली. मग उडालेली झोप परत आली. मधेच त्यांनी मला काढून पाहिलं, पण मी फळीवर नुसता थडथडलो. त्यांनी मला परत पेटीत ठेवलं. मला वाटलं, संपलं.

एके दिवशी जेवताना काकूंनी विचारलं, "घाम पुसायचं फडकं कुठंय आज?"

मिस्त्री विचारात पडले. "लागलंच नाही की गं."

पुढच्या तपासणीत कळलं, पुरुषी संप्रेरक परत वर चढलं होतं. रक्तातला रोगाचा आकडा मात्र तळाशीच होता. घरी येताच मिस्त्रींनी पेटी उघडली. गंज घासला, दगडावर पातं धरलं. धारेचा तो आवाज ऐकून काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मग मिस्त्री हसले, जरा ओशाळल्यासारखे.

तपासण्या अजून चालूच आहेत. जोर निम्माच आलाय. उरलेला येईल का, मला ठाऊक नाही. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं औषध संपलं, तर "औषध संपलं ना, मग आता काय होतंय तुला?" असं लगेच विचारू नका. तपासणीची तारीख चुकू देऊ नका, आणि त्यांच्या चालीने चाला. फळीच्या मध्यावर मिस्त्री दम खायला थांबतात, तेव्हा मीही तिथेच थांबतो. त्यांचा हात माझ्या पाठीवरच असतो.