मोरेश्वरी

भाद्रपद सरत आला होता. तिलारीच्या रानावर ऊन उतरत होते. हळदुले, ओले, धुक्यातून गाळलेले ऊन. पानापानांतून पाझरणारे, शेवाळल्या खडकांवर थरथरणारे. असे ऊन एकट्याने पाहू नये. अनसूया ते एकटीच पाहत होती.

तिच्या मोरेश्वरला याच रानात एक चापडा दिसला होता. चापडा म्हणजे वेलीसारखा फांदीला बिलगून राहणारा, डोळा आणि नाकपुडीमधल्या खळग्याने ऊब ओळखणारा विषारी साप. एरवी हा हरितवर्ण, पर्णवर्ण. पण मोरेश्वरला दिसला तो ताम्रवर्ण, सांध्यवर्ण. ही प्रजातीच निराळी, असा त्याने ध्यास घेतला, आणि त्याच वर्षी तो तापाने गेला.

मग अनसूयेने तसा साप शोधला, खवले मोजले, वर्णन लिहिले, आणि नव्या प्रजातीला नवऱ्याचे नाव दिले. शास्त्राच्या लॅटिन रीतीने पुरुषाच्या नावाला शेवटी ईकार लागतो. मोरेश्वरचे मोरेश्वरी झाले.

"माझ्या झिलाचां चेडू केलंस गो," असे म्हणत, मुलाची मुलगी झाली म्हणून सासू द्वारकाबाई हसल्या होत्या आणि हसता हसता रडल्या होत्या. पुढे त्या बाजारातल्या कोळणींनाही सांगू लागल्या, रानात आपला मुलगा अजून हिंडतो आहे.

आज अनसूयेने काचेच्या पेटीत ठेवलेली ताम्रवर्णी मादी व्याली. ओली, इवली, वळवळती पिल्ले. काही तांबूस, काही हिरवीगार. अगदी नेहमीच्या चापड्याची असतात तशी. अनसूयेने पुन्हा खवले मोजले, पुन्हा ताडून पाहिले. प्रजाती दोन नव्हत्याच. रंग तेवढे दोन होते. दुःखाच्या भरात तिने रंगावर विश्वास ठेवला होता.

आता ते नाव तिनेच बुडवायचे होते. दुसऱ्या कुणी बुडवले असते तर भांडायला तरी माणूस मिळाला असता.

ती सासूजवळ ओसरीवर येऊन बसली. पिल्लांचे सगळे तिने सांगितले. द्वारकाबाई सुपातल्या कुळथातले खडे वेचत होत्या. त्यांचा हात थांबला.

"म्हंजे तां नाव पुसतले?"

पुसत नाहीत, अनसूयेने सांगितले. चापड्याचे आधीचे नाव मोठे ठरते, मोरेश्वरी हे त्याच्या खाली लिहून ठेवतात. कायमचे. फक्त त्या नावाने कुणी हाक मारत नाही.

"आणि दुसऱ्या कोणाक देतत?"

"नाही, आई. दुसऱ्या कुठल्याच चापड्याला ते देता येत नाही."

म्हातारी तिच्याकडे पाहत राहिली. कोऱ्या कपाळाकडे, पिकू लागलेल्या केसांकडे, किती दिवसांनी पाहावे तशी.

"तुझ्यासारख्यांच मगे तां नाव," ती हळूच म्हणाली.

आणि तिने सूप बाजूला सारून सुनेचे डोके मांडीवर ओढून घेतले. समोर रान हिरवे होते; मग निळे, मग करडे, मग नुसता काळोख.