चन्नबसम्माच्या छातीवरची डबी

मित्रांनो, मला कोणी पानसुपारीची डबी समजते तेव्हा मला राग येतो. मी चांदीची आहे, जुनी आहे आणि माझ्या पोटात इष्टलिंग, म्हणजे लिंगायतांनी गळ्यात बाळगायचे लहानसे शिवलिंग, असे. मानवत गावच्या एका सोनाराने मला ठोकून ठोकून घडवले. चन्नबसम्मा लग्न होऊन पालमला आली ती मला गळ्यात घालूनच. लिंगायत घरात लिंग अंगावरून उतरवत नाहीत, म्हणून पंचवीस वर्षे माझा मुक्काम तिच्या छातीवर होता. रोज पूजेनंतर ती मला भस्माने घासून लखलखीत करी. लग्नकार्यात बायका विचारत, "कुठं घडविली वो?" मग मी दिवसभर फुगून बसे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास, मी टेकत असे तिथेच, एक कठीण गाठ मला लागली. पंधरा दिवसांत ती वाढली. माझ्याइतके जवळ कोणीच नव्हते, पण मला तोंड नाही. झाकण आहे, ते काय बोलणार?

पुढे तिच्याही हाताला गाठ लागली. लेक शिवकन्या म्हणाली, "आई, दवाखान्यात दाखवू."

"काई न्हाई गं, ही डबी घासायलीय. इतकी वरसं एकाच जागी हाय."

तिने माझा दोरा लांब केला आणि गाठीवर हळद लावली. आळ माझ्यावर आला. आळाचे काही नाही हो, पण त्यापायी तीन महिने वाया गेले. ते दुःख मला अजून खाते.

शेवटी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टर अर्पिता तिच्याशेजारी बसल्या. "मावशी, हा कॅन्सर फार वेगाने पसरतो. यावर खात्रीचं औषध अजून नाही. आपण उपचार सगळे करू. पण काढलेल्या गाठीचा एक तुकडा संशोधनासाठी द्याल का? नवीन औषध शोधायला तो लागतो."

"हिला त्याचा काय फायदा?" तिचे मालक शिवमूर्ती यांनी विचारले.

"यांना बहुतेक नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्या खोटे बोलल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला वाटले.

शिवमूर्ती अडून बसले. "आमच्यात माणूस अख्खं मातीत बसवत्यात. तुकडा मागं कशाला ठिवायचा?"

चन्नबसम्माने सोबत आलेल्या लेकीकडे पाहिले. मग म्हणाली, "मी डबीला नावं ठिवत बसले. माझ्या पोरीवर ही येळ आली तर औषध तरी असावं. कुठं करायची सही?"

ऑपरेशनच्या दिवशी मला पहिल्यांदा तिच्या अंगावरून उतरवले. शिवमूर्तींनी मला खिशात ठेवून वरून हात दाबून धरला. आम्हा दोघांना करण्यासारखे काहीच नव्हते.

दुखणे पुढे फुप्फुसात गेले. गेल्या श्रावणात चन्नबसम्मा गेली. तळहातावर लिंग ठेवून तिला समाधी दिली आणि मी रिकामी मागे राहिले. आता कपाटात काळी पडून असते.

परवा कपाटाशेजारी शिवमूर्तींचा फोन वाजला. डॉक्टर अर्पिता संशोधनातल्या पेशंटची विचारपूस करत होत्या.

"ती गेली, मॅडम. श्रावणात."

डॉक्टरांनी हळहळ व्यक्त केली. मग शिवमूर्ती म्हणाले, "तिचा तुकडा हाय न्हवं तुमच्यापाशी?"

"हो काका. त्यावर काम चालू आहे."

"औषध सापडलं का?"

"अजून नाही."

"हौ. मग थांबू नका," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि ते तिथेच खाली बसले.

मित्रांनो, मला कोणी घासून उजळावे अशी माझी मागणी नाही. पण घरातल्या बाईला गाठ लागली तर कारणे शोधत बसू नका, तिला आधी डॉक्टरांकडे न्या. आणि असे औषध शोधणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहा, कारण त्यांचे काम संपलेले नाही. शिवकन्या आत्ताशी एकोणीस वर्षांची आहे.